माणदेशातील कोंबड्यांची पैदास : स्वस्त आणि हंगामी घराची बांधणी

म्हसवड, दिघंची, आटपाडी, दहिवडी या पट्ट्यात परसात चार कोंबड्या नाहीत असे घर शोधूनच काढावे लागेल. आमच्या मुलाणी, आतार, तांबोळी, पिंजारी, बागवान घरांतही बायकांच्या देखरेखीखाली कोंबड्या असतात आणि मिठामिरचीचा, मुलांच्या वह्यापुस्तकांचा खर्च त्यांच्यावर परस्पर भागतो. पण थोडा हिसाब मांडला तर एक गोष्ट ध्यानात येते. अंडे विकणाऱ्याला थोडे मिळते, कोंबडा विकणाऱ्याला सणावाराला बरे मिळते, आणि महिना-सव्वा महिन्याची गावरान पिले विकणाऱ्याला बाराही महिने गिऱ्हाईक असते. ही पिले पुष्कळदा बाहेरगावच्या टेम्पोतून येतात. ती कोणत्या जातीची, लस टोचली की नाही, हे विकणारा सांगेल तेच खरे धरून लोक घेतात. मग पैदास आपणच का करू नये, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : "शेड बांधायला पैसा कुठून आणायचा?"

या उत्तरातच घोटाळा आहे. शेड म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे सिमेंटच्या भिंती, लोखंडी अँगल आणि पत्रे येतात. तसली घरे विट्याकडच्या मोठ्या पोल्ट्रीवाल्यांना शोभतात. त्यांचे पक्षी हजारांनी असतात. चाळीस-पन्नास कोंबड्यांच्या पैदाशीसाठी माणदेशात तसे घर बांधणे म्हणजे पैसे खर्चून भट्टी बांधणे होय. आमचे म्हणणे असे की पैसा छपरावर आणि जाळीवर घालावा. भिंत एकच असावी. बाकीच्या बाजू कापडाच्या असाव्यात आणि ते कापड वर्षातून तीनदा बदलावे. आम्ही कापडाचे व्यापारी आहोत म्हणून कापडाची तरफदारी करतो, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे. यात लागणारे बरेचसे कापड आमच्या दुकानात मिळतच नाही. ते बारदानाच्या दुकानात आणि घरच्या माळ्यावर मिळते.

घरावर फार पैसा घालू नये, याचे एक ताजे उदाहरण आपल्या शेजारीच घडले आहे. सांगली जिल्ह्यातील इस्लामपूर येथून चाललेली कडकनाथ कोंबड्यांची एक योजना २०१९ साली कोसळली. पक्षी आम्ही देऊ, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या दराने परत घेऊ, असा तिचा वायदा होता. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि इतर जिल्ह्यांतील हजारो लोकांनी पैसे भरले, कर्जे काढली, शेड उभारली. खरेदी बंद पडली तेव्हा पक्ष्यांना खायला घालणेही लोकांना कठीण झाले आणि प्रकरण पोलिसांत गेले. कडकनाथ ही झाबुआकडची जुनी, चांगली जात आहे; कोंबडीचा त्यात काही दोष नव्हता. ज्याचा बहुतेक सरमाया घरात अडकला होता त्याला मात्र मागे फिरायला वाट राहिली नाही. लाकूड, जाळी आणि कापड यांचे घर मोडून विकता येते. सिमेंटचे विकता येत नाही.

आधी पंचांग, मग घर

पैदाशीचे घर आणि अंड्यांचे किंवा मांसाच्या कोंबड्यांचे घर यांत फरक आहे. येथे अंडे नुसते मिळून चालत नाही, ते फळलेले असावे लागते आणि त्यातून धडधाकट पिलू निघावे लागते. कोंबडीला घाम येत नाही. १८ ते २४ अंश तापमानात ती सुखात असते. ३२-३५ अंशांच्या वर ती चोच उघडून धापा टाकू लागते. धापांमुळे रक्तातला कार्बन वायू कमी होतो आणि अंड्याचे कवच पातळ पडते. ती खाते कमी, अंडी देते कमी, आणि कोंबड्याचे बीजही कमजोर होते. ४० अंशांच्या पुढे वारा पडला तर मरही होते. एप्रिल-मेमध्ये म्हसवडचा पारा ४० च्या घरात असतो, हे वाचकांना सांगायला नको.

आपल्याकडच्या जुन्या बायका उन्हाळ्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवत नसत, त्याचे कारण हेच. म्हणून माणदेशातील पैदाशीचे वर्ष आम्ही असे धरतो : दसऱ्यापासून होळीपर्यंत पिले काढावीत, होळीपासून मृगापर्यंत जोडकळप नुसता सांभाळावा, आणि पावसाळ्यात त्याला पुन्हा अंगावर आणावे. बाजारही या पंचांगाला जुळतो. गावरान कोंबडा सव्वा ते दीड किलोचा व्हायला पाच-सहा महिने घेतो. आखाडात कोंबड्याला जी मागणी येते, आणि श्रावण लागताच जी एकदम बसते, ती पकडायची तर पिले जानेवारी-फेब्रुवारीत निघाली पाहिजेत. त्याच पिलांतल्या तलंगा ऑगस्टच्या सुमारास अंड्यावर येतात आणि पुढच्या हिवाळ्याला कळपात जुन्यांची जागा घेतात. ईदचे गणित मात्र दरसाल करावे लागते, कारण ती १०-११ दिवसांनी अलीकडे सरकते. २०२५ साली ईद-उल-फित्र मार्चच्या अखेरच्या दिवशी होती. त्या ईदचा कोंबडा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अंड्यातून निघालेला असायला हवा होता.

घराकडून आपल्याला एवढेच हवे आहे : हिवाळ्यात कोंबडीने भरपूर अंडी द्यावीत, उन्हाळ्यात तिने जगावे, पावसाळ्यात तिला रोग लागू नये. एकच पक्के घर ही तिन्ही कामे नीट करीत नाही.

सांगाडा

४० कोंबड्या आणि ४ कोंबडे, एवढा कळप धरू. घर २० फूट लांब, १० फूट रुंद. म्हणजे २०० चौरस फूट. एका पक्ष्याला साडेचार फूट जागा येते. पुस्तकात पैदाशीच्या पक्ष्याला अडीच-तीन फूट सांगितलेली असते, पण आपल्या उन्हाळ्यात दाटी घातक ठरते. मधोमध जाळीचा पडदा घालून १०-१० फुटांचे दोन खण करावेत. प्रत्येक खणात २० कोंबड्या व २ कोंबडे. दोन खण कशासाठी, ते पुढे येईल.

लांबी पूर्व-पश्चिम असावी. ही एक गोष्ट चुकली तर पुढचे सगळे फुकट जाते. असे घर सकाळ-संध्याकाळच्या आडव्या उन्हाला फक्त आखूड बाजू दाखवते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे सूर्य माध्यान्ही थेट डोक्यावर येतो, त्या उन्हाला छप्पर अडवते. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो आणि पागोळीखालून ऊन फूट-दोन फूट आत येते. हिवाळ्यात तेच हवे असते.

खांब दर पाच फुटांवर, एका बाजूला पाच असे दहा. निलगिरीचे किंवा वेड्या बाभळीचे सरळ मिळतील ते घ्यावेत. वेडी बाभूळ आपल्या ओढ्याकाठी फुकट वाढते. वाकडी असते, पण शोधले तर सात-आठ फूट सरळ लाकूड निघते. जमिनीत जाणारा दोन फूट भाग डांबराने किंवा जळक्या ऑइलने माखावा, नाहीतर वाळवी दुसऱ्या वर्षी खांब खाऊन टाकते. कडेचे खांब जमिनीवर सात फूट, मधला आढ्याचा भाग साडेनऊ फूट. वाशांना घायपाताचे वाळलेले दांडे चालतात. वजनाला हलके असतात आणि बांधावर मिळतात. पण पत्रा घालायचा असेल तर त्यांचा भरवसा धरू नये, तेथे चांगले लाकूडच हवे.

छपराचे उतार दोन्ही अंगांना तीन-तीन फूट बाहेर काढावेत. यामुळे २०० फुटांच्या घराला छप्पर जवळजवळ ४०० फुटांचे लागते. हे ऐकून लोक पागोळी फूटभर करतात. तसे करू नये. उन्हाची तिरीप आणि पावसाची झड दोन्ही ही तीन फुटेच अडवतात, आणि पुढे उन्हाळ्यात त्यांच्याच कडेला आपल्याला गोणपाट टांगायचे आहे.

छप्पर कशाचे करावे, यावर पुष्कळ वाद होतात. नुसते गवताचे किंवा पाचटाचे छप्पर थंड असते, यात शंका नाही. पण त्याच्या फटींत कोंबडीची गोचीड घर करते. ती दिवसा लपते, रात्री दांडीवर बसलेल्या पक्ष्याचे रक्त पिते, आणि एकदा शिरली की छप्पर जाळल्याशिवाय जात नाही. नुसता पत्रा आतून साफ राहतो, पण दुपारी तव्यासारखा तापतो. आम्हाला जुना पत्रा खाली आणि उन्हाळ्यापुरते पाचट वर, ही रीत सर्वांत बरी वाटते. पत्रा जुन्या बाजारातला गंजका चालेल, भोके असलेला नको. होळीच्या सुमारास त्यावर उसाचे पाचट चार-सहा इंच जाड पसरावे आणि वरून जुनी जाळी टाकून तारेने खांबांना आवळावे, नाहीतर वळवाचे वारे ते शेजारच्या रानात नेऊन टाकतात. पाचट फलटण-माळशिरसकडच्या ऊसपट्ट्यातून आणावे. कडबा छपरावर घालू नये, दुष्काळी मुलखात तो जनावराच्या तोंडचा घास आहे. मृगाच्या आत पाचट उतरवावे. भिजलेले पाचट पत्र्यावर राहिले तर पत्रा सडतो. उतरवलेले खताच्या खड्ड्यात टाकावे. पाचट मिळतच नसेल तर पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात द्यावेत, चुन्यात थोडा डिंक मिसळला की तो टिकतो. पाचट असेपर्यंत विडी आणि चूल घराजवळ येऊ देऊ नये, विजेची उघडी तार तर मुळीच नको.

भिंत एकच, पश्चिमेची. दगडमातीची, आढ्यापर्यंत. दुपारनंतरचे ऊन आणि पावसाळी वारा दोन्ही तिकडूनच येतात. उत्तर-दक्षिण बाजूंना दीड फूट उंचीचा दगडी बांध घालून त्यावर जाळी लावावी. पूर्वेच्या बाजूला जाळी आणि दार. खालच्या तीन फुटांत अर्ध्या इंचाची बारीक जाळी हवी. मोठ्या भोकाच्या जाळीतून मुंगूस पंजा घालतो, साप अंडी खायला येतो. बांधाचा पाया फूटभर खोल न्यावा, म्हणजे घूस खालून येत नाही. जोते आसपासच्या जमिनीपेक्षा फूटभर उंच घ्यावे. फरशी नको, मुरूम चोपून वर चुना टाकावा आणि त्यावर भुईमुगाची टरफले, भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा यांची तीन-चार इंच गादी करावी.

बसायच्या दांड्या प्रत्येक खणात दोन, १० फुटी, जमिनीपासून दोन फूट उंच, दोहोंत दीड फूट अंतर. त्या ठोकून बसवू नयेत, सुट्या ठेवाव्यात. दगडी भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री उशिरापर्यंत ते सोडत राहते. हिवाळ्यात पश्चिमेच्या खणातल्या दांड्या त्या भिंतीजवळ न्याव्यात आणि उन्हाळ्यात तिथून दूर जाळीकडे सरकवाव्यात. अंडी घालायची खोकी पाच कोंबड्यांना एक, म्हणजे एकूण आठ. फूट-फूट मापाची, उत्तरेच्या अंधाऱ्या बाजूला. फळांच्या जुन्या पेट्या चालतात.

कापडाविषयी

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. मार्च लागला की पोल्ट्रीसाठी कापड मागायला लोक येतात आणि बहुतेकांची मागणी एकच असते : "स्वस्तातले काहीतरी द्या." कोणत्या ऋतूसाठी, हे कोणी सांगत नाही. एकच कापड बारा महिने लावले तर ते दोन ऋतूंत नुकसान करते.

गोणपाट म्हणजे ज्यूट. ते पाणी पिते आणि हळूहळू सोडते. कोरडा वारा त्यातून गेला की थंड होतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच हे कारण, आणि जुन्या हवेल्यांत खसाच्या ताट्या लावीत तेही यासाठीच. माणदेशाची हवा उन्हाळ्यात कोरडी असल्यामुळे हा इलाज येथे जसा लागू पडतो तसा कोकणात पडणार नाही. मात्र गोणपाट विरळ विणीचे घ्यावे. धान्याचे जाड पोते ओले झाले की फुगते आणि वारा अडवते. जुनी जाड पोतीच वापरायची तर उसवून एकेरी करावीत आणि दोन पोत्यांमध्ये वीतभर फट ठेवावी. मोठे पोते उसवले की साधारण १५-१६ चौरस फूट कापड निघते; २० फुटांची एक बाजू पाच फूट उंच झाकायला सहा-सात पोती पुरतात. शिवण सुतळीने दुहेरी घालावी, वरच्या कडेत कामटी ओवावी.

खाद्याची प्लास्टिकची विणलेली पोती फुकट मिळतात म्हणून लोक तीच लावतात. ती पाणी पीत नाहीत, म्हणून थंडावा देत नाहीत. उन्हाने वर्षभरात त्यांच्या चिंध्या होतात आणि पट्ट्या सुटतात. कोंबडी त्या पट्ट्या गिळते आणि तिची अन्नपिशवी तुंबते. फुकटचे हे पोते आम्हाला महागातले वाटते.

ताडपत्री पावसासाठी. काळी किंवा निळी तापते. पांढरी किंवा रुपेरी बाजू असलेली घ्यावी आणि ती बाजू बाहेर ठेवावी. कडेला पितळी रिंगा बसवलेल्या असाव्यात, नुसते भोक पाडून दोरी ओवली तर पहिल्याच वाऱ्यात फाटते. शेडनेट सावलीला उत्तम, पण ते घराच्या बाहेर दक्षिण-पश्चिमेला मांडवासारखे टाकावे. जाळीला चिकटवून काही उपयोग नाही. जुन्या सुती साड्या, मांजरपाट, चादरी हिवाळ्याच्या रात्रींसाठी. सूत ओले राहिले की बुरशी धरते, म्हणून पावसात त्यांना हात लावू नये. आणि घरातली फाटकी घोंगडी टाकून देऊ नये. आपला मुलूख घोंगड्यांचा. पिलांच्या पेटीवर रात्री पांघरायला लोकरीसारखे दुसरे कापड नाही. ती ऊब धरते आणि हवाही जाऊ देते.

पडदा बांधण्याची रीत कापडाइतकीच महत्त्वाची आहे. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पडद्याची खालची कड बांधाला पक्की करावी आणि वरची कड दोरीने वर ओढता येईल अशी ठेवावी. पूर्ण ओढला तरी वर अर्धा फूट फट राहिलीच पाहिजे. पुष्कळ ठिकाणी पडदा वरून सोडतात, दुकानाच्या शटरसारखा. मग खालची गार झुळूक पक्ष्याच्या अंगावर येते आणि वरची कोंदट हवा आत अडकते.

तीन ऋतूंची वहिवाट

उन्हाळ्यात जाळीवर काहीच नसावे. गोणपाट पागोळीच्या बाहेरच्या कडेला, जाळीपासून दूर टांगावे. दक्षिणेला पूर्ण, उत्तरेला दुपारपुरते. सकाळी अकरा ते चार या वेळात ते ओले ठेवावे. ठिबकची जुनी नळी वरच्या कामटीवर बांधून तिला टाकी जोडली की माणूस अडकून पडत नाही. पाण्याची टंचाई असेल तर आंघोळीचे, कपड्यांचे पाणी गोणपाटाला वापरावे. २०१२-१३ साली म्हसवडला जनावरांची छावणी पडली होती, तसले वर्ष आले तर आधी पक्ष्यांचे पिण्याचे पाणी राखावे आणि कळप निम्मा करावा. एवढ्या कळपाला एरवी १०-१२ लिटर पाणी पुरते, कडक उन्हात ते दुपटीवर जाते. पाणी मातीच्या भांड्यांत, सावलीत, दिवसातून तीनदा बदलून द्यावे. दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावर टाकावा. खाल्लेले पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती काही तासांनी चढते. सकाळी नऊ-दहाला खाल्लेला दाणा बरोबर दुपारी कोंबडीला भाजतो. गादी उन्हाळ्यात दोन इंचांवर आणावी.

पावसाळा आपल्याकडे थोडा. वर्षाचे ५०० मिलीमीटरही पुरते पडत नाहीत, आणि जे पडते त्यातले बरेच परतीचे. त्यामुळे लोक पावसाळ्याची तयारीच करीत नाहीत. पण एका रात्रीची झड गादी भिजवायला पुरेशी असते, आणि ओल्या गादीत रक्ती हगवण वाढते. ताडपत्री दक्षिणेला असावी, आणि पाऊस नसेल तेव्हा खाली सोडलेली. गादी दर दोन दिवसांनी दाताळ्याने हलवावी, ओला भाग काढून टाकावा, चुना भुरभुरावा. नाकाला झोंबणारा वास येतो का, हे उभे राहून पाहू नये. खाली बसून कोंबडीच्या उंचीवर पाहावे.

हिवाळा हा कमाईचा काळ. रात्री पारा १०-१२ अंशांवर येतो. मोठ्या कोंबडीला त्याचे फारसे काही वाटत नाही. तिला त्रास होतो तो वाऱ्याचा. रात्री सुती पडदे ओढावेत, ऊन आले की सोडावेत. अडचण उजेडाची असते. डिसेंबरात आपला दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि कोंबडीला भरपूर अंड्यासाठी १४ तास उजेड लागतो. एवढ्या घराला दोन लहान एलईडी दिवे पुरे. ते पहाटे लावावेत. संध्याकाळी लावून एकदम बंद केले तर अर्धे पक्षी दांडीवर चढण्याआधीच अंधारात सापडतात.

कोंबडा आणि अंडे

पैदाशीसाठी कोणते पक्षी, याचे उत्तर सरळ आहे. गिरिराज (बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची) किंवा वनराजा (हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची) हे चांगले पक्षी आहेत, पण ते संकरित आहेत. त्यांच्या अंड्यांतून निघालेली पिले आईबापांसारखी एकसारखी होत नाहीत. ते पाळायचे तर दर खेपेला पिले नवी आणावीत. पुणे आणि कोल्हापूर येथे सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. घरी पैदास करायची ती गावरान, असील किंवा शुद्ध कडकनाथची. गावरान कोंबडी वर्षाला ५० ते ७० अंडी देते, पण तिचे पिलू येथल्या हवेत तग धरते आणि त्याचा भावही वेगळा असतो.

दहा कोंबड्यांना एक कोंबडा. दोन्ही खणांतले कोंबडे वेगवेगळ्या गावांतून, नात्याबाहेरचे आणावेत. एका खणातल्या तलंगा पुढे दुसऱ्या खणातल्या कोंबड्याला द्याव्यात. दोन खण केले ते यासाठी. बाप-लेकीची जोडी दोन-तीन पिढ्या चालली की अंडी फळत नाहीत आणि लोक दोष घराला देतात. कोंबडा बदलला तर तीन आठवडे अंडी बसवू नयेत, कारण जुन्या कोंबड्याचे बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडे व क्वचित जास्तही टिकते. दोन कोंबडे राखीव म्हणून वेगळ्या डालग्यात असू द्यावेत.

अंडी दिवसातून तीनदा गोळा करावीत. २१ अंशांच्या वर अंड्यातला जीव हलू लागतो. उबेशिवाय अर्धवट वाढतो आणि मरतो. ओल्या वाळूत बसवलेला माठ, त्यात कोरडे कापड, अंड्याचे टोक खाली, वर ओले फडके, ही जुनी सोय हिवाळ्यात आठवडाभर पुरते. गरमी वाढली की तीन-चार दिवसांच्या आतच अंडी बसवावीत. अंडी धुऊ नयेत. सातव्या दिवशी अंधारात विजेरीवर धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसल्या नाहीत ते अंडे काढून टाकावे. २१ व्या दिवशी पिलू निघते.

पिले मोठ्यांच्या घरात ठेवू नयेत. मानमोडी, म्हणजे राणीखेत, मोठ्यांकडून पिलांना लागते. लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंबाने, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचे इंजेक्शन. जनावरांच्या दवाखान्यात चौकशी करून तारखा आधी ठरवून घ्याव्यात, कारण कुपी एकदा फोडली की शंभर पक्ष्यांची लस त्याच वेळी संपवावी लागते. चार शेजाऱ्यांनी एकत्र येऊन एक कुपी आणली तर वाया जात नाही. लस आणताना थर्मासात बर्फ हवा. विकताना पहिली लस कोणत्या तारखेला दिली ते कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्यावे. पुढची लस त्याला द्यायची असते, आणि टेम्पोवाला असा कागद देत नाही.